सतरा पानांचं आत्मचरित्र

लातूर जिल्ह्याचा तीस वर्षांचा इतिहास एका माणसाच्या आवाजात साठवलेला आहे, असं आम्ही पूर्ण जबाबदारीनं लिहितो. आता ती जबाबदारी थोडी कमी करून घेतो. हा आवाज रेडिओवर एकदाही लागला नाही. तो गंजगोलाईतल्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेतल्या, एका दोराच्या दुकानातून ऐकू यायचा, आणि तो ऐकायला रेडिओ घ्यावा लागत नसे. समोरच्या पानटपरीपर्यंत चालत गेलं तरी पुरत असे.

आवाज शेषेराव पिंपळढवकर यांचा. गाव भोकर तालुक्यातलं, कामाचं ठिकाण लातूर, हुद्दा रेडिओचे अंशकालीन वार्ताहर. अंशकालीन याचा अर्थ एवढाच, की उरलेल्या वेळातही तेच काम करायचं. दिवसभर जिल्हा हिंडायचा, संध्याकाळी साडेपाचच्या आत केंद्राला फोन लावून बातमी सांगायची. तिकडं कुणीतरी ती उतरवून घ्यायचं आणि सातच्या बातम्यांत तिसरंच कुणीतरी ती गोड आवाजात वाचायचं. शेवटी म्हणायचं, “असं आमच्या लातूरच्या वार्ताहरानं कळवलं आहे.” नाव नाही. पिंपळढवकर हे आडनाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एका तालुक्याचा पाऊस सांगून होतो, असं केंद्रातल्या एका वृत्तसंपादकांचं मत होतं. शेषेरावांना ते पटलेलं होतं. अजूनही पटतं.

नोकरी लागली १९८४ साली. शेषेरावांकडं फोन नव्हता. शंकरप्पा उस्तुरगे यांच्याकडं होता. शंकरप्पांचं दुकान कासऱ्यांचं, दाव्यांचं, सुतळीचं. छताला खिळे, खिळ्यांना दोरांची वेटोळी आणि गल्ल्याशेजारी काळा फोन. पहिल्या दिवशी शेषेरावांनी बिचकत विचारलं, “मालक, एक फोन करू का?” शंकरप्पा गिऱ्हाइकाला सुतळी मोजून देत होते. त्यांनी न बघता फोनकडं हात केला. तो हात पुढं एकोणीस वर्षं, म्हणजे मोबाइल येईपर्यंत, तसाच राहिला.

लाइन अशी असायची, की इकडचा माणूस ओरडला तर तिकडच्या माणसाला पुटपुटल्यासारखं वाटायचं. म्हणून शेषेराव एका हातानं रिसीव्हर धरून, दुसऱ्या हाताचा तळवा मोकळ्या कानावर दाबून, डोळे मिटून बातमी सांगायचे. प्रत्येक वाक्य तीन वेळा. त्यामुळं सहाच्या आत गोलाईतल्या सोळाही रस्त्यांना जिल्ह्याची खबर लागलेली असायची. सात वाजता लोक रेडिओ लावायचे ते बातमी कळावी म्हणून नव्हे, बरोबर आली का ते तपासायला. एकदा दहा मिनिटं सांगून झाल्यावर लक्षात आलं, की लाइन सुरुवातीलाच तुटलेली होती. त्या दिवशी बातमी फक्त गोलाईला मिळाली. गोलाईनं ती जबाबदारीनं पुढं नेली. जेवणाच्या वेळेपर्यंत ती वीस किलोमीटरवरच्या औशाला पोचली होती.

एखादी बातमी सातला गळाली की बाजार हळहळायचा. “तळ्याची बातमी खाल्ली की हो तुमची काल रेडिओसायेब,” असं दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणायचं. रेडिओसायेब हे नाव शंकरप्पांनी ठेवलेलं. बातमी लागली तर शंकरप्पा चहा मागवायचे. गळाली तरी मागवायचे. दोन्ही चहांत साखर सारखीच असायची, आणि शेषेरावांच्या मते सरकारी यंत्रणेपेक्षा हा माणूस निःपक्षपाती होता.

२०१४ साली शेषेराव निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले. लातूरला असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली होती, एक जिल्ह्याच्या ओळखीचं, बत्तीस पानांचं, आणि दुसरं पीकपाण्याचं, चोवीस पानांचं. दोन्हींना पिना मारलेल्या. पिनांच्या पुस्तकाला पाठ नसते. जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्यांच्या प्रती जाड ग्रंथांमध्ये घसरल्या आणि दिसेनाशा झाल्या. पुढं मोजणीत एक सापडली, ती सहकार कायद्यावरच्या एका ग्रंथात खूण म्हणून घातलेली होती. शंकरप्पांनी मात्र दोन्ही पुस्तकं जपली. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून, सुतळी ओवून, दुकानात दाव्यांच्या शेजारी टांगली. येणारं गिऱ्हाईक हात लावून विचारायचं, “ही कशी दिली?”

गेल्या मार्गशीर्षात शंकरप्पांचा फोन आला. आता त्यांचं वय चौऱ्याऐंशी.

“शरणार्थ रेडिओसायेब. दुकान काढून टाकलो. सिद्धेश्वर म्हणून राहिलाय, आता पुण्याला चला. एवढी जत्रा बघतो आन् जातो.”

शरणार्थ हा शंकरप्पांचा नमस्कार. सिद्धेश्वर म्हणजे त्यांचा मुलगा. जत्रा म्हणजे महाशिवरात्रीपासून भरणारी लातूरची जत्रा, जिच्या देवाचं नाव मुलाला ठेवलेलं. शेषेरावांनी हळू आवाजात ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ही गोष्ट त्या घरात बातमी होण्यासारखी होती. केवळाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“काय झालं?”

“शंकरप्पा लातूर सोडून चालले.”

“मग भेटून या.”

“भेटून काय सांगू? एकोणीस वर्षं त्या माणसाच्या फोनवर बोललो आणि त्याचं नाव एकदा घेतलं न्हाई. बातमीत तसं नाव घेता येत न्हाई.”

“मग आता घ्या की.”

“पुस्तकात घेतो,” शेषेराव म्हणाले. “जत्रा संपायच्या आत त्यांच्या हातात द्यायचं. आणि ते टांगता येऊ नये. उभं राहिलं पाहिजे.”

नऊ दिवसांत आत्मचरित्र पूर्ण झालं. ते घेऊन शेषेराव नांदेडच्या वजिराबादेत संगमेशच्या छापखान्यात गेले. संगमेश देगलूरचा. मुख्य काम लग्नपत्रिकांचं, पण वर्षाकाठी दोन-चार पुस्तकंही काढतो, कारण वडिलांना तसा शब्द दिलेला आहे. त्यानं कागद हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

“सर, बाकीची पानं?”

“एवढंच आहे.”

“सतरा?”

“सतरा.”

“सर, हे आत्मचरित्र हाय का आत्मचरित्राची बातमी? परवा मी उदगीरच्या पार्टीची लग्नपत्रिका केली, ती सोळा पानांची हाय. त्यात अजून कुणाचा जन्मसुद्धा झालेला न्हाई.”

शेषेरावांनी तीस वर्षं एकच शिस्त पाळली होती. घटना कोणतीही असो, पन्नास शब्दांच्या आत. त्यांचा जन्म एकोणचाळीस शब्दांत झालेला होता. शाळा, कॉलेज आणि वडिलांचा मृत्यू मिळून दीड पान. संगमेशनं मधलंच एक पान काढून मोठ्यानं वाचलं.

“‘लेखकाचा विवाह पिंपळढव इथं साधेपणानं पार पडला. वधू केवळाबाई या मुदखेड तालुक्यातल्या आहेत. यावेळी नातेवाईक मोठ्या संख्येनं उपस्थित होते.’ सर, काकूंनी वाचलं का हे?”

“अजून न्हाई.”

“वाचू देऊ नका.” त्यानं पुढचं पान काढलं आणि त्याचा आवाज बदलला. “किल्लारीच्या भूकंपाला अठ्ठेचाळीस शब्द? माझी मावशी तिकडची हाय सर.”

“बुलेटिनमध्ये तेवढीच जागा होती.”

“पण इथं बुलेटिन कुठं हाय?”

शेषेरावांनी ते पान परत मागून घेतलं. संगमेशनं समजुतीनं सांगितलं, की शंभर पानांच्या आत पुस्तकाला पाठ येत नाही, पिनाच माराव्या लागतात. अक्षर मोठं करता येईल. मान्यवरांचे शुभसंदेश फोटोसकट घेतले तर वीस पानं सहज निघतील. शेषेरावांनी मान हलवली. ज्या मान्यवरांच्या दौऱ्याच्या बातम्या आपण दिल्या त्यांनी आता आपली द्यावी, हे त्यांना बरं वाटलं नाही.

“सर, मग लांबवा. जत्रेच्या तीन आठवडे आधी आणून द्या. पुढचं माझ्यावर सोडा.”

शेषेराव लांबवायला बसले. एका ठिकाणी त्यांनी ‘प्रचंड’ हा शब्द घातला आणि दुसऱ्या दिवशी काढला, कारण पुरावा नव्हता. ‘अविस्मरणीय’ असं एका प्रसंगाला लिहिलं, मग आठवून बघितलं तर तो प्रसंग पुरता आठवेना, म्हणून प्रसंगच काढला. शंकरप्पांवर एक वाक्य होतं, ‘बातम्या पाठवण्यासाठी एका स्थानिक व्यापाऱ्याच्या दूरध्वनीची मदत झाली.’ त्यात नाव घालून बघितलं. वाक्य चार शब्दांनी वाढलं. बारा दिवस मेहनत केल्यावर सतराची सोळा पानं झाली.

त्या संध्याकाळी केवळाबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. शेषेराव शेजारी खुर्चीत, मांडीवर सोळा पानं घेऊन. जत्रेला साडेसहा आठवडे उरले होते.

“काय करून राहिलात?”

“काही सुचून राहिलं न्हाई. भूकंपाचं वाढवायचं आहे.”

“भूकंपाच्या दिवशी तुम्ही किल्लारीला कशानं गेलता?”

“जिपनं.”

“कुणाच्या?”

“ते बातमीत नव्हतं.”

“बातमीत नव्हतं. मला तर सांगितलं होतं.” केवळाबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. “औशाच्या आदिनाथची जीप. त्याची बहीण तिकडं दिलेली. रस्ताभर तो एक शब्द बोलला न्हाई. तिथं पोचल्यावर बहीण समोर उभी दिसली, तर जिपचं इंजिन बंद करायचं इसरला.”

शेषेरावांनी खिशातलं पेन काढलं.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. सातच्या बातम्या संपल्या की शेषेराव घरी यायचे आणि जेवताना त्या दिवशीचं उरलेलं सांगायचे. बातमीत न बसलेलं. कुणी गाडीत जागा दिली, कुणी पंक्चर काढलं, कुणी पोलिसांच्या नजरेआडून कागद दाखवला, कोणत्या गावात कुणाच्या घरची भाकरी खाल्ली. सांगून झालं की ते विसरायचे, दुसऱ्या दिवशी नवीन बातमी असायची. केवळाबाईंना दुसऱ्या दिवशी नवीन काही नसायचं. त्यांनी हे सगळं तीस वर्षं नीट ठेवलेलं होतं, हिंगाच्या डबीसारखं, घट्ट झाकण लावून.

“आणि दोराचं लिहिलं का?” त्यांनी विचारलं.

“कोणत्या दोराचं?”

“अरे देवा. लिहा आता. मी सांगते.”

शेषेरावांनी कागद उलटा केला. केवळाबाईंनी सांगितलं ते असं. भूकंपाच्या दिवशी कुणाचाच फोन लागत नव्हता. शंकरप्पा सकाळपासून नंबर फिरवत बसलेले. दुपारी चारला लाइन मिळाली, पण रेडिओसायेब अजून किल्लारीहून परतलेले नव्हते. आता फोन ठेवला तर पुन्हा लागायचा नाही. तिकडून केंद्रातल्या माणसानं विचारलं, बातमी काय. शंकरप्पा म्हणाले, “बातमी येऊन राहिली सायेब. तवर दोर ऐका.” आणि त्यांनी दोर सांगायला सुरुवात केली. ताग कुठला, घायपात कुठली, बैलाला कोणता, विहिरीला कोणता, किती पदर, ओला झाला तर किती आखडतो. मधे मधे दाराशी जिपा थांबत होत्या, तिकडं मदतीला निघालेल्या. शंकरप्पा एका हातानं रिसीव्हर धरून दुसऱ्या हातानं खिळ्याकडं खूण करायचे, घेऊन जा. कुणाला नाव विचारलं नाही. पावणेदोन तास ते बोलत होते आणि पलीकडचा तो माणूस ऐकत होता. त्यानंही फोन ठेवला नाही. पावणेसहाला शेषेराव दुकानात शिरले तेव्हा दुकानात एकही दोर उरलेला नव्हता आणि लाइन चालू होती.

“सातला काय लागलं होतं?” केवळाबाईंनी विचारलं.

“‘मदतकार्य सुरू आहे.’”

“तेच ते.”

शेषेराव लिहीत होते. ते झाल्यावर त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “पुढं?”

तीस वर्षं फोनवर बातमी सांगणारा माणूस साडेतीन आठवडे बायकोनं सांगितलेलं उतरवून घेत बसला. केवळाबाई न अडखळता सांगायच्या आणि तारखा चुकायच्या नाहीत, कारण त्यांच्या तारखा सणांना आणि बाळंतपणांना बांधलेल्या होत्या. मधेच शेषेराव म्हणायचे, “याला दुजोरा आहे का?” त्या म्हणायच्या, “तुम्हीच सांगितलं होतं.” एवढा भक्कम स्रोत त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. तीस वर्षांत आपण एकट्यानं केलेलं एकही काम सापडत नाही, हे लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट ते रोज थोडे हलके होत गेले, आणि ज्वारी निवडायलाही लागले. त्यात खडे राहायचे, तो भाग वेगळा.

ठरल्या दिवशी संगमेशनं गठ्ठा तोलून बघितला.

“सर, हा ऋणनिर्देश हाय?”

“हाव.”

“ऋणनिर्देश पुस्तकाच्या आधी असतो. दीड पान. हा एकशे एकतीस पानं हाय. आणि तुम्ही सोळा.”

“असू दे.”

“अनुक्रमणिकेत काय टाकू?”

“आभार. आणि खाली, लेखकाविषयी थोडंसं.”

संगमेशनं पहिली चार पानं उभ्या उभ्या वाचली, मग बसून आणखी वाचली. एक लग्नाची पार्टी पत्रिकेसाठी ताटकळत होती, तिला त्यानं उद्या यायला सांगितलं. मग म्हणाला, “पाठ येते सर. चांगली बोटभर येते.”

शेषेरावांची इच्छा होती, की लेखकाच्या जागी केवळाबाईंचंही नाव यावं. केवळाबाईंनी साफ नकार दिला. “माझं नाव नको. माझ्या लग्नाचं तेवढं दुरुस्त करा. साधेपणानं म्हणे. माझ्या बापानं दोन गावं जेवू घातली.” त्याप्रमाणं दुरुस्ती झाली. आता त्या पानावर ‘दोन गावं जेवली’ असं आहे. विशेषण तिथंही नाही.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी शेषेराव, केवळाबाई, संगमेश आणि पुस्तकांचे चार गठ्ठे एसटीनं अहमदपूरमार्गे लातूरला पोचले. प्रकाशन शंकरप्पांच्याच दुकानात ठेवलेलं. दुकानात आता नुसते खिळे होते. एका खिळ्याला दोन जुनी पुस्तकं अजून टांगलेली. शंकरप्पा पांढरी टोपी घालून, कपाळाला विभूती लावून खुर्चीत बसले होते. मुलगा सिद्धेश्वर शेजारी, दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणारा. पुण्याची सहाची बस होती. बाजारातली तीस-चाळीस जुनी माणसं दारात आणि रस्त्यावर. जत्रेतल्या एका पाळणेवाल्याकडून कुणीतरी माइक आणि दोन भोंगे आणलेले.

शेषेरावांनी नवं पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. ते उभं राहिलं. सगळ्यांनी ते उभं राहिलेलं बघितलं.

मग त्यांच्या हातात माइक दिला. तीस वर्षं रेडिओत काढलेल्या या माणसानं माइक पहिल्यांदाच हातात घेतला होता. त्यांनी तो रिसीव्हरसारखा गालाला लावला, दुसऱ्या हाताचा तळवा मोकळ्या कानावर दाबला, डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली.

“शंकरप्पा उस्तुरगे. राहणार लातूर. दुकान दोराचं.”

हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. भोंगे गोलाईकडं तोंड करून होते. समोरच्या रस्त्यावरचे गाडेवाले थांबले. पानटपरीवरचा म्हातारा काठी टेकत बाहेर आला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “रेडिओ लागला बघ.” शेषेराव पुस्तकातलंच सांगत होते, पण डोळे मिटलेले होते, म्हणजे पाठच होतं. पहिल्या दिवशी केलेला हात. चहा, बातमी लागलेल्या दिवसांचा आणि गळालेल्या दिवसांचा. भूकंपाची दुपार, ताग, घायपात, ओला झाला तर किती आखडतो, रिकामे खिळे. पुन्हा नाव, पुन्हा तीन वेळा. गोलाईच्या सोळाही रस्त्यांना ते पोचलं असणार. केवळाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि एका ठिकाणी हळूच म्हणाल्या, “चार वाजता, साडेचार न्हाई.” शेषेरावांनी वाक्य दुरुस्त करून पुन्हा तीन वेळा सांगितलं. शेवटी म्हणाले, “असं आमच्या लातूरच्या वार्ताहरानं कळवलं आहे,” आणि डोळे उघडले.

सिद्धेश्वर घड्याळ बघायचा थांबला होता. संगमेशनं नाक शिंकरलं.

शंकरप्पांनी पुस्तक उचललं. पहिलं पान उघडून त्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सरकवत स्वतःचं नाव वाचलं.

“बरोबर लागलं,” ते म्हणाले.

कुणीतरी माइक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो हातानं बाजूला केला आणि शेषेरावांना जवळ बोलावलं. शेषेराव वाकले.

“रेडिओसायेब, आता जातोच हाव, म्हणून एक मागतो. एकोणीस साल सांगीन सांगीन म्हणत होतो, तुमच्या कामाचा खोळंबा नको म्हणून गप बसलो.”

“बोला अप्पा. काय पाहिजे ते बोला.”

“तेवढा आवाज जरा कमी करत जावा.”